सिमेंट भरलेली बॅटरी

लोणावळ्याच्या बंगल्यांत सोमवारी सकाळी पाऊल टाकायचं ते नाकाला ओढणी लावूनच, हे मळवलीच्या बबिता ओव्हाळला इतक्या वर्षांच्या धंद्यातून पक्कं ठाऊक झालं होतं. शनिवार-रविवारचे पाहुणे गेलेले असत आणि त्यांचं सगळं मागं उरलेलं असे. सोफ्याखाली कोंबडीची हाडं, बेसिनात सिगारेटची थोटकं. पडद्यांना तर लोक काय समजतात कुणास ठाऊक. कुणी तोंड पुसलेलं, कुणी हात, कुणी लायटरनं भोकं पाडून गंमत बघितलेली. बबिता ते पडदे उतरवायची, निघण्यासारखे डाग असतील तर धुवायला न्यायची, नाहीतर नवे शिवून लावायची. तिचं घर त्याच घाणीवर चालत होतं, पण त्या घाणीची सवय तिला कधी झाली नाही.

सुरुवात तिनं ब्लाउज शिवण्यापासून केली होती. मग तुंगार्लीच्या एका बंगल्याच्या माळ्यानं एक फाटका पडदा आणून टाकला, तो तिनं असा शिवून दिला की मालकिणीनं उरलेल्या सगळ्या खिडक्यांचं काम तिलाच दिलं. हळूहळू वरसोलीपासून वलवणपर्यंत ‘पडदेवाली ताई’ म्हटलं की बबिता, असं झालं. नवरा निवृत्ती उर्सेच्या एका कंपनीत पाळीनं कामाला जायचा, सासू आक्काबाई घर सांभाळायची. बबिता मळवलीहून सकाळच्या गाडीनं लोणावळ्याला जायची आणि दुपारनंतर परत यायची.

या सगळ्यात एकच काम तिच्या हातात नव्हतं. मापं तिची, कापड तिनं निवडलेलं, शिलाई तिची, गिऱ्हाईकही तिचंच. पण पडद्याचा रॉड बसवायला भिंतीला भोकं पाडायची म्हटली की विक्कीची वाट बघत बसावं लागे. विक्की फिटर होता. त्याच्याकडं ड्रिल मशीन होतं आणि त्या मशीनचा त्याला राजाच्या घोड्याइतका माज होता. दहाला येतो म्हणून सांगायचा आणि जेवण उरकून यायचा. आला की आधी वायर कुठवर पोचते ते बघायचा, मग बंगल्याचं मेन स्विच बंद आहे म्हणून परत जायचा. मालक मुंबईला, मेन स्विचच्या खोलीची चावी त्यांच्या खिशात. मग काम पुढच्या आठवड्यावर.

त्या दिवशी विक्की आला तो हातात वडापाव घेऊनच. बबितानं साय-रंगाचे पडदे इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर घालून ठेवले होते. विक्कीनं खाता खाता दोन भोकं पाडली, भिंतीचा भुगा सगळा खाली सोडला, उरलेला वडा तोंडात कोंबला आणि शिडीवरून उतरून तेलाचे, चटणीचे, भुग्याचे हात सरळ त्या पडद्याला पुसले. बबिता समोरच उभी होती. तिला बघूनही तो थांबला नाही. उलट कापड उलटं करून दाखवत म्हणाला, “आतल्या बाजूला पुसलंय. दिसत न्हाई.”

त्या तेलकट बोटांच्या पाच रेघा बबितानं पाहिल्या आणि तिला वाटलं, हा माणूस आपल्या अंगालाच हात पुसून गेला. ती ओरडली नाही. तिनं पडदा उचलला, घडी घातली आणि उद्यापासून येऊ नको एवढंच सांगितलं.

विक्की हसला. “मग भोकं कशानं पाडणार? दातानं?”

त्या संध्याकाळी तिनं घरी जाहीर केलं की आपण स्वतःचं ड्रिल घ्यायचं, तेही बॅटरीवरचं, म्हणजे वायरीची भानगड नको आणि मेन स्विचचीही नको. निवृत्तीला पहिल्यांदा ते पटेना. मशीन जड असतं, हातातून सुटलं तर मनगट पिरगळतं, कंपनीत चांगल्या चांगल्यांचे हात गेलेले आपण बघितलेत, असं तो म्हणत राहिला. आक्काबाई भाकऱ्या थापत होत्या. तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या, “मी रस्त्यावं खडी फोडली तवा कुणी म्हणलं न्हाई, घण जड हाय म्हणून. पाडू दे तिला भोकं.”

पुढच्या सुट्टीला निवृत्ती तिच्याबरोबर बाजारात निघाला.

लोणावळ्याच्या बाजारात हार्डवेअरचं एक मोठं, झकपक दुकान होतं. काचेचं दार, आत एसी, देवाच्या तसबिरीपुढं चंदनाची उदबत्ती, गिऱ्हाइकाला थंड पाणी. मालक निलेश बोलायला इतका गोड की प्रत्येक वाक्याला ‘ताई’ लावायचा. फक्त तो ताईकडं बघत नव्हता. बबिता विचारायची आणि तो उत्तर निवृत्तीला द्यायचा. हे मशीन खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीत चालेल का, असं तिनं विचारलं. रॉडची ब्रॅकेटं बहुतेक तिथंच येतात आणि विक्कीही तिथंच कुरकुरायचा, एवढं तिला माहीत होतं. निलेशनं निवृत्तीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की साहेब, स्लॅब फोडेल, खिडकीचं काय घेऊन बसलात. मग त्यानं काउंटरवरची एक लाकडी फळी पुढं ओढली आणि तिच्यात ड्रिल घातलं. लोण्यात सुरी जावी तसं ते गेलं. बॅटरीवर अठ्ठेचाळीस व्होल्ट असं मोठ्या लाल अक्षरांत छापलेलं होतं. खोक्यावरचं नाव बबिताला ओळखीचं वाटलं. टीव्हीवर दिसतं तेच. त्यातलं एक अक्षर वेगळं होतं, पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

निवृत्तीनं बॅटरी तळहातावर तोलली. वजनदार होती. माल भरीव दिसतोय, असं तो म्हणाला आणि सौदा झाला. निघताना निलेशनं एक टेप फुकट दिली, “वहिनींना माप घ्यायला.” वहिनींच्या पर्समध्ये टेप कायमच असायची, पण बबितानं ती मुकाट्यानं घेतली.

पहिलं काम निघालं अनघाताईंच्या बंगल्यात. अनघाताई पुण्याच्या, कॉलेजात शिकवायच्या. बंगला त्यांनी नुकताच घेतला होता आणि त्या संध्याकाळी त्यांच्याकडं पहिल्यांदाच पाहुणे यायचे होते. बबितानं पेन्सिलीनं खुणा केल्या, शिडीवर चढली आणि बटण दाबलं. प्लास्टरमध्ये ड्रिलचं टोकदार बिट सर्रकन गेलं. अनघाताई खालून कौतुकानं बघत होत्या. मग प्लास्टर संपलं आणि काँक्रीट लागलं.

मशीन आधी घरघरलं, मग किंचाळलं. बिट आत जाईना, नुसतं जागच्या जागी थरथरत गोल फिरायला लागलं आणि भोकाचा खड्डा झाला. बबितानं खांद्याचा जोर लावला. त्यासरशी मशीनच्या झरोक्यातून धूर निघाला, जळक्या प्लास्टिकचा भपका नाकात शिरला आणि सगळं थंड पडलं. खोक्यातली दुसरी बॅटरी घातली, तीही दोन गिरक्या मारून मेली. इस्त्री केलेल्या पडद्यावर, नव्या पांढऱ्या सोफ्यावर, अनघाताईंच्या केसांवर प्लास्टरचा भुगा पसरला होता. भिंतीत वाटीएवढं भगदाड पडलं होतं.

अनघाताई रागावल्या नाहीत. त्या केस झटकत फक्त एवढं म्हणाल्या, “असू दे. मी एखाद्या माणसाला बोलावते.”

माणसाला. मग मी कोण, असं विचारायचं बबिताच्या ओठावर आलं होतं. पण भिंतीतल्या खड्ड्याकडं बघून ते ओठावरच राहिलं. तिनं फडकं मागून घेतलं, सोफा पुसला, फरशी पुसली आणि पडदे परत पिशवीत भरले. खिडकी उघडीच राहिली.

तिथून ती तडक निलेशच्या दुकानात गेली. या वेळी एकटी. निलेशनं मशीन हातात घेतलं, हुंगलं आणि नाक मुरडून काउंटरवर सरकवलं. आता त्याच्या बोलण्यात ‘ताई’ नव्हती. जास्त दाबलं असेल, असं तो म्हणाला. बायकांना अंदाज नसतो, मिक्सरही असेच जाळतात. बॅटरीला गॅरंटी नसते, ते बिलामागं छापलंय. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. एकानं तर तिला समजावूनच सांगितलं की मशीनलाही माया लावावी लागते. बबिता त्या चंदनाच्या वासात उभी होती आणि तिला तो वासच नकोसा झाला. काउंटरवरच्या मशीनमधून जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. तो त्यापेक्षा बरा वाटत होता. तिनं मशीन उचललं आणि बाहेर पडली.

दोन दिवस तिला धड जेवण गेलं नाही. फसलो याचं दुःख होतंच, पण त्याहून त्या हसण्याचा, त्या खांद्यावरच्या हाताचा, फुकटच्या टेपचा राहून राहून वीट येत होता. शेजारच्या सविताचा पाणी ओढायचा पंप कामशेतला एका म्हाताऱ्याकडं दुरुस्त होऊन आला होता. तिनं सुचवलं की बाजीराव म्हणून आहेत, मोटारी भरतात, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी वायर गुंडाळतात, त्यांना एकदा दाखव. फक्त जाताना पोटात काही घालून जाऊ नको, असंही ती म्हणाली. त्याचा अर्थ बबिताला तिथं गेल्यावर कळला.

बाजीरावांचं दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली होती. दाराशेजारची भिंत कमरेपासून जमिनीपर्यंत तंबाखूच्या पिंकांनी रंगलेली. जुन्या पिंका काळ्या पडलेल्या, नव्या ओघळणाऱ्या. आत ग्रीसचा थर इतका की चपलेला खालची जमीन सोडवेना. कोपऱ्यात एक खरुजलेलं कुत्रं खाजवत पडलं होतं. म्हातारा बनियनवर बसला होता, आणि त्या बनियनचा मूळ रंग त्यालाही आठवत नसेल. बबितानं ओढणी नाकावर घट्ट धरली आणि दाराबाहेरूनच काय झालं ते सांगितलं. बाजीरावांनी मान वर केली नाही. हात पुढं केला, बॅटरी घेतली, स्क्रू काढले आणि कव्हर उचकटलं.

“हितं ये. बघ.”

ती आत गेली. बॅटरीच्या खोक्यात अर्ध्या भागात बारके सेल होते, गंजलेले, चिकटपट्टी गुंडाळलेले. उरलेल्या अर्ध्यात राखाडी रंगाचं काहीतरी ओतलेलं होतं. बाजीरावांनी पेचकसानं टोकरलं. त्याचा भुगा पडला. सिमेंट होतं. वजन भरायला सिमेंट ओतलं होतं.

आमटीत पाल निघावी आणि आपण अर्धी वाटी आधीच प्यालेलो असावं, तसं बबिताला झालं. निवृत्तीनं तळहातावर तोलून ‘भरीव’ म्हटलेला माल तो हाच. कुणीतरी, कुठंतरी, हातानं हे कालवून भरलं असेल, वर झाकण लावलं असेल, लाल अक्षरं चिकटवली असतील, आणि निलेशनं ते उदबत्तीशेजारी मांडलं असेल. तिला सगळ्या साखळीचीच शिसारी आली.

बाजीराव हसले. हसताना त्यांचे विटकरी दात दिसले आणि तोंडातला रस हनुवटीवर ओघळला. “अठ्ठेचाळीस लिवलंय. निम्मं बी न्हाई. आकडा जेवढा मोठा, तेवढं ते लबाड.” त्यांनी भिंतीवर एक पिंक टाकली. “लोकं सोताच्या पायानं जात्यात फसायला, आन मग माज्याकडं रडत येत्यात.”

बबिताला त्या क्षणी तो म्हाताराही निलेशइतकाच नकोसा वाटला. पण तिनं पाय उचलला नाही. तिला खरं मशीन हवं होतं आणि ते कसं ओळखायचं हे सांगणारं दुसरं कुणी तिच्या ओळखीत नव्हतं. तिनं विचारलं, चांगलं कुठलं?

बाजीरावांनी नाव सांगितलं नाही. त्यांनी दुकानामागच्या ढिगाकडं बोट दाखवलं. तिथं मेलेल्या मशिनांचा उकिरडा होता. ड्रिल, ग्राइंडर, कटर, कुणाचं पोट फाडलेलं, कुणाच्या वायरी लोंबणाऱ्या, वर उंदरांच्या लेंड्या. हे बघ आणि शिक, असं ते म्हणाले. बबितानं ओढणीची गाठ मानेमागं बांधली आणि त्या घाणीत उकिडवी बसली. म्हातारा एकेक मशीन पायानंच तिच्याकडं लोटत होता आणि ते कशानं मेलं ते सांगत होता. ह्याचे आतले दाते प्लास्टिकचे, गरम होऊन वितळले. ह्याचं मशीन चांगलं, पण बॅटरी कुठं मिळंना, म्हणून सोन्यासारखं पडून राहिलं. ह्याचं बिट धरणारं तोंड वाकडं, भोक कधी सरळ पडणारच नाही. आणि ह्यांना दोष देऊ नको, ही नुसती फिरणारी आहेत, लाकडाला आणि स्क्रूला. काँक्रीटला फिरता फिरता ठोका मारणारं लागतं, तुझ्या खिडक्यांना तेच पाहिजे.

ढिगात एका कंपनीची मशीनं तिला फारशी दिसली नाहीत. जी एक-दोन होती ती झिजून झिजून म्हातारी झालेली होती, जळालेली नव्हती. तिनं ते बोलून दाखवलं. बाजीरावांनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं आणि हातानंच ‘जा’ अशी खूण केली. घरी येऊन तिनं दोनदा अंघोळ केली तरी ग्रीसचा वास केसांतून गेला नाही.

पुढच्या आठवड्यात ती चिंचवडला गेली. त्या कंपनीचं दुरुस्तीचं केंद्र तिथंच होतं आणि त्याला लागून विक्रीचं दुकान. निवृत्ती बरोबर होता, पण तिनं त्याला दाराशी बाकावर बसवलं. पिशवीत तिनं जुन्या पडद्यात गुंडाळून काँक्रीटचा एक तुकडा आणला होता, गावात फोडलेल्या ओट्याचा. विक्रेत्यानं नेहमीची लाकडी फळी पुढं ओढताच तिनं तो तुकडा काउंटरवर ठेवला आणि यात घाला म्हणून सांगितलं.

पोरगा गांगरला. काच फुटेल, भुगा उडेल, मॅनेजर रागावतील, अशी कारणं त्यानं काढली. बबिता हलली नाही. शेवटी त्यांनी तुकडा बाहेर पायरीवर ठेवला. तिनं आधी सगळ्यांत लांब बिट लावून मशीन नुसतंच फिरवून बघितलं. टोक डुगडुगतंय का ते डोळे बारीक करून पाहिलं. एक मशीन तिथंच बाद झालं. दुसरं सरळ फिरलं, पण हात वर करून धरल्यावर खांदा भरून आला. शिडीवर दिवसभर ते पेलणार नाही, म्हणून तेही बाद. तिसरं आटोपशीर होतं. वर अठराच व्होल्ट लिहिलेलं, आकडा बारीक, कोपऱ्यात. मशीनवरची चकती ठोक्याच्या खुणेवर फिरवून तिनं ते काँक्रीटवर टेकवलं आणि दाबलं. आवाज झाला, भुगा उडाला आणि बिट सावकाश, न थरथरता आत गेलं. बॅटरी हाताला कोमट लागली, एवढंच.

मग तिनं विचारलं की बॅटऱ्या दोन मिळतील ना, याच बॅटरीवर यांचं दुसरं मशीन चालतं का, आणि बिघडलं तर शेजारच्या दुरुस्ती केंद्रात किती वर्षं सुटे भाग ठेवतात. पोरगा निवृत्तीकडं बघून उत्तर द्यायला लागला. निवृत्तीनं बाकावरूनच तिच्याकडं बोट दाखवलं आणि पेपरात तोंड घातलं. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, मी चहा प्यायलाच आलो होतो. बबिताला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

अनघाताईंच्या बंगल्यावर ‘माणूस’ आलाच नव्हता. भगदाड तसंच होतं आणि खिडकीला चादर लटकवलेली होती. बबितानं खड्डा भरला, तो सुकल्यावर पुन्हा गेली आणि एका दमात सगळ्या ब्रॅकेटांची भोकं पाडली. रॉड चढला, पडदे ओढून झाले. अनघाताईंनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, “अगं, जमलं की तुला!” लहान पोरानं पाढा म्हटल्यावर म्हणतात, तसं. बबितानं मान हलवली आणि मशीन पुसून पेटीत ठेवलं. तिच्या मनात आलं, माणसांना किती थोडं दिसतं. पण काम झालं होतं आणि आता कुणाची वाट बघायची नव्हती.

निलेशचा हिशेब मात्र तिच्या डोक्यातून जाईना. पैसे परत मिळतील अशी आशा तिला नव्हती, आणि त्या माणसाच्या गल्ल्यातली नोट हातात घ्यायचीही तिला इच्छा नव्हती. एका सकाळी ती उघडलेली बॅटरी फडक्यात बांधून दुकानात गेली. आत लोहगडवाडीचा नवसू उभा होता. किल्ल्याच्या पायथ्याशी त्याची आणि त्याच्या बायकोची, बायाची, चहा-भज्यांची टपरी होती. वाऱ्यानं पत्रे उडतात म्हणून तो खांब पक्के करायला ड्रिल घ्यायला आला होता. निलेशचा हात त्याच्या खांद्यावर होता. काउंटरवर तीच लाकडी फळी होती आणि तसंच लाल अक्षरांचं खोकं.

बबितानं फडकं सोडलं आणि बॅटरी नवसूसमोर ठेवली. सिमेंटचा भुगा काचेवर सांडला.

“भाऊ, हे याच्या पोटात असतं,” ती म्हणाली. “मी इथूनच नेलं होतं.”

नवसूनं सिमेंटवर बोट घासलं, ते बोट निलेशला दाखवलं आणि खोकं मागं सरकवलं. तो बाहेर गेला. निलेशचा चेहरा आधी पांढरा पडला, मग पुन्हा गोड झाला. ताई, तुमचं-आमचं काय भांडण आहे, मालच वरून तसा येतो, तुम्हाला बदलून देतो, दोन देतो, बसा, थंड घ्या, असं तो बोलत राहिला. बोलता बोलता फडक्यानं काच पुसत होता. पुसताना त्यानं ते सिमेंट काउंटरखालच्या डब्यात न टाकता हळूच मागं, उदबत्तीच्या राखेत ढकललं. बबितानं ते पाहिलं. ती बॅटरी तिथंच सोडून आली. महिन्याभरानं त्या दुकानावरून जाताना काचेत तीच मशीनं दिसली. खोकी हिरवी झाली होती, अक्षरं पिवळी, आणि आकडा आणखी मोठा.

नवसू मात्र तिच्याकडं आला. स्टेशनवर तिला गाठून म्हणाला, “ताई, मशीन घ्यायची आमची ऐपत न्हाई, आन घेतलं तर फसू. तूच येऊन चार भोकं पाडून दे.” टपरीवर लाइटही नव्हती, बॅटरीचं मशीनच तिथं चालणार होतं.

ती रविवारी गेली, कारण तिला तेवढाच दिवस मोकळा होता. लोहगडवाडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. पायथ्याशी गर्दी, गाणी लावलेले फोन, प्लास्टिकच्या बाटल्यांचा ओढ्यात खच. बबितानं टपरीच्या सिमेंटच्या कट्ट्यावर गुडघे टेकले आणि खांबाच्या लोखंडी पट्टीतून एकेक भोक पाडायला लागली. मशीन नीट चाललं होतं. बाया शेजारी कांदा चिरत होती. तेवढ्यात फिरायला आलेली काही मंडळी भोवती जमली आणि फोन पुढं करून तिचं चित्रण करायला लागली. कुणी तिला विचारलं नाही. एकजण वाकून म्हणाला की ताई, जरा इकडं बघून हसा ना. दुसऱ्यानं हातातला भज्याचा तेलकट कागद तिच्या पेटीत, बिटांच्या जागेवर टाकला. त्याला ती कचऱ्याची पेटी वाटली असावी.

बबितानं मशीन थांबवलं. कागद दोन बोटांनी उचलला, उभी राहिली आणि त्या माणसाच्या शर्टाच्या खिशात घातला. त्याचे मित्र हसले, पण या वेळी ते तिला हसत नव्हते. फोन एकेक करून खाली गेले आणि मंडळी पांगली.

शेवटचा बोल्ट आवळून झाल्यावर बायानं दोन्ही हातांनी खांब धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून हलवला. खांब हलला नाही. तिनं दुसराही हलवून बघितला. मग चहा टाकते म्हणाली. बबितानं हात धुवायला पाणी मागितलं. बायानं टपरीमागच्या पिंपाकडं बोट दाखवलं. पिंपाचं झाकण कुणीतरी उघडं टाकलं होतं. पाण्यावर वेफरची रिकामी पाकिटं तरंगत होती आणि एक सिगारेट फुगून वर आली होती.

बाया कपाळावर हात मारून पिंप ओतायला धावली. पाणी सकाळीच डोक्यावरून आणलेलं होतं. बबितानं तिला ते कलंडायला मदत केली. मग भुगा लागलेले हात ओढणीच्या टोकाला पुसून तिनं किटलीत उरलेल्या चहाचा कप धरला आणि दोघी रस्त्यावरच्या गर्दीकडं पाठ करून बसल्या.